चोवीस फेऱ्यांचं संगीत

आमचे घरमालक, लेथवाले मिस्त्री, यांना पट्टीनं माप घेताना कुणी पाहिलं नव्हतं. लोखंडाचा तुकडा दोन बोटांत धरायचे, एक डोळा मिटायचे आणि सरळ लेथवर चढवायचे. "उद्यमनगरात चाळीस वर्सं काढली बाई. पट्टी लागती ती शिकाऊला," असं वर ऐकवायचे. काम चोख असायचं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

नव्वदच्या सुमाराला मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला आले. कन्याशाळेत गणित शिकवत होते, एकटीच होते. खाली मिस्त्रीही एकटे. बायको जाऊन वर्ष झालेलं, मूलबाळ नाही. तिच्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. शेजारणींनी विषय काढलाच तर "जेवलासा का?" म्हणून उलट विचारायचे आणि आत निघून जायचे.

बोलायचे ते फक्त रेकॉर्डींबद्दल. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन पाद्र्यानं बंगल्यातलं सामान विकायला काढलं, तेव्हा यांनी बंद पडलेला रेकॉर्ड प्लेअर आणि खोकंभर रेकॉर्डी उचलून आणल्या. प्लेअरची पुली तुटली होती. ती नजरेच्याच मापानं लेथवर काढून बसवली. रेकॉर्डी सगळ्या अमेरिकन वाद्यवृंदाच्या. गाणारं कुणी नाही, नुसते पन्नास-साठ जण वाजवतायत. मी कपाळाला हात लावला. "अहो मिस्त्री, पेठेत हे कुणाला कळणार?"

"कळायचं काय त्येत? ऐका की गप."

रोज दिवेलागणीला रिठ्याच्या पाण्यानं रेकॉर्ड पुसायची आणि लावायची. बहुतेक एकच. व्हायोलिनं जड पावलांनी निघायची, मागून कुठलंसं वाद्य खोल घुमायचं. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून बसायचे, मधूनच डोळे पुसायचे. "ह्ये रचणाऱ्या बाबाचं कुणीतरी गेलंय बघा. जोतिबाच्यान सांगतो. त्याबिगार असलं सुचत न्हाय." मी जिन्याच्या पायरीवर बसून ऐकायची. खोटं कशाला सांगू, तपासायच्या वह्या तशाच मांडीवर राहायच्या.

अशी दहाएक वर्षं गेली. मग पाकिटावर नुसतं नाव होतं त्या संगीतकाराची सीडी मी अमेरिकेत दिलेल्या माझ्या बहिणीकडून मागवली. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की हा माणूस त्याच्याच देशात विस्मरणात गेला होता; आता कुणी हौशी मंडळींनी जुनी ध्वनिमुद्रणं शोधून, त्यांतली खरखर काढून, ती पुन्हा लोकांपुढे आणली. मी मराठीत वाचून दाखवलं. मिस्त्री हळहळले. "त्येच्या गावातबी त्येला कुणी इचारलं न्हाय व्हय?"

सीडी लावली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. चाल तीच, पण चढ्या सुरात पळत सुटलेली! वरात चालल्यासारखी. पुस्तिकेत त्या रचनेचं नाव बघितलं तर लिहिलेलं, सुगीनंतरचा नाच.

"पार वाट लावली की गड्यांनी!" मिस्त्री भडकले.

गणिताच्या बाईला स्वस्थ बसवतंय होय? मी त्यांच्या रेकॉर्डीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजल्या. मिनिटाला तेहतीस हव्यात. भरल्या चोवीस. तीनदा मोजल्या, तरी चोवीसच. मिस्त्रींनी काढलेली पुली बारीक झाली होती, म्हणून तबकडी सावकाश फिरत होती. एखादं माणूस गाणारं असतं तर पहिल्याच दिवशी ध्यानात आलं असतं.

गप्प बसता आलं असतं. पण मेली जीभ! सांगून टाकलं.

मिस्त्रींनी थांबलेली तबकडी बोटानं हळूच फिरवली. "म्हंजे तो नाचत हुता," ते म्हणाले. "आन् रडत कोण हुतं मग?"

"राहू दे तशीच," मी म्हटलं. "आपल्याला तशीच आवडते ना?"

"न्हाय बाई. त्येचं त्येला दिलं पायजे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोजून नवी पुली काढली. संध्याकाळी नाच नाचासारखा वाजला आणि भुर्रकन संपला. जिन्यावर पावलं वाजली. इतक्या वर्षांत मिस्त्री कधी माझ्या माडीवर आले नव्हते. उंबऱ्याशीच बसले. "चा टाकतासा का?"

चहा निवून गेला तरी ते बायकोबद्दल बोलत होते. ती आजऱ्याची होती. तिला तिखट सोसायचं नाही. शेवटच्या आठवड्यात ती जवळ बसा म्हणत होती आणि हे ऑर्डर पुरी करायची म्हणून कारखान्यात होते. बोलता बोलता त्यांना हुंदका फुटला.

"सुमन," ते म्हणाले. "सुमन नाव हुतं तिचं."

दहा वर्षं मी तिच्या घरात राहत होते आणि तिचं नाव मला त्या संध्याकाळी कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं.