मेंढरांच्या जाळीत अडकलेली कॅन्सरची पेशी

आक्काच्या छातीतली गाठ काढली, जखम भरली आणि तिच्या लेखी आजार संपला. दिवाळी उलटली होती. मेंढरं घेऊन गोदाकाठी निघायची वेळ झाली होती. बीडच्या डॉक्टरीणबाई मात्र सलाईनमधून द्यायच्या औषधांवर अडून होत्या. आक्काचं म्हणणं, गाठ बरणीत घालून नेलेली मी डोळ्यांनी पाहिली, आता औषध कुणाला पाजायचं?

मी बाईंच्या दवाखान्यात कामाला. सोंगं आणायची हौस मला पहिल्यापासूनच. दवाखान्याची जीप घेऊन मी आक्काला न्यायला गेलो, तेव्हा पालीच्या धरणाजवळ तिची मेंढरं बसली होती. बाईंनी सांगितलेलं सगळं मी तिथंच करून दाखवायचं ठरवलं. वाघूर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, हे रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर. मी कॅन्सरची पेशी. रक्तातून गडगडत यायचं, अस्तराला चिकटायचं, फट करून पलीकडं निसटायचं आणि तिथं नवा संसार मांडायचा. घोंगडी पांघरून मी मेंढरांतून लोळत आलो, जाळीखाली डोकं घातलं आणि पोटाशी अडकलो. एका एडक्याला हे अजिबात पटलं नाही. आक्काची सून तोंडात पदर कोंबून हसत होती.

आक्का हसली नाही. "जाळी आपलीच ना? मग ती वाट कावून देती?"

मी पडल्यापडल्याच सांगितलं. कुठं जखम झाली, जंतू शिरले, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी मदतीला धावतात. त्यांना बाहेर पडता यावं म्हणून अस्तर जागा करून देतं. ही पेशीही तीच वाट धरते. अशा बऱ्याच पेशी वाटेतच मरतात, एखादी तगते.

रोज संध्याकाळी कोकरांना आयांकडं सोडायला आक्का स्वतः वाघूर उचलून धरायची. आताही तिनं जाळीची कड उचलून पाहिली.

"गाठ काढायच्या आदीच एखादी निसटली असंल तर?"

"तेच कळत न्हाई, आक्का. म्हणून औषध."

"औषधाला ती घावंलच का?"

तोंडाशी चार उत्तरं तयार होती. एकही खरं नव्हतं. "सांगता येत न्हाई," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काठी सुनेच्या हातात दिली, कोणती मेंढी गाभण आहे ते दाखवलं. कळप हलला. कुत्रं थोडं पुढं गेलं, वळलं आणि आक्काजवळ येऊन उभं राहिलं.

"जा," ती त्याला म्हणाली. ते जाईना. तिनं ढेकूळ उचललं, त्याच्या पायाशी भिरकावलं आणि माझ्याआधी दवाखान्याच्या जीपमध्ये जाऊन बसली.