नाताळची कढई

आमचे हे गेले आणि मी देवाशी अबोला धरला. कुणाला बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर जालन्याच्या चर्चमधल्या बायका गाडी करून आष्टीला आल्या असत्या आणि माझ्याच घरात माझ्यासाठी प्रार्थनासभा लावली असती. पण जेवणाआधी डोळे मिटायचं मी सोडून दिलं होतं. ताट पुढ्यात घ्यायचं आणि सरळ जेवायला लागायचं. नवऱ्याशी वाजलं की मी असंच करायची. मुकाट्यानं वाढायची, मुकाट्यानं जेवायची. फरक इतकाच की नवरा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नमतं घ्यायचा.

हे गावातल्या शाळेत मास्तर होते. दिवाळीच्या सुटीत एका सकाळी छातीत दुखायला लागलं आणि जालन्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं. दफन तिथंच झालं. आष्टीहून टेम्पो भरभरून माणसं आली होती. कापूस वेचणी टाकून आली होती, हे मी विसरणार नाही. चर्चमधली माणसं माझा हात हातात घेऊन म्हणायची, "ते प्रभूजवळ आहेत." असतील. मग मी कुणाजवळ आहे? हे विचारण्याची ती वेळ नव्हती, म्हणून मी नुसती मान हलवायची. मान हलवून हलवून दुखायला लागली.

मुलगी पुण्याला सासरी असते. ती म्हणाली, नाताळला इकडं ये. मी म्हणाले, घर सोडून कुठं येऊ? खरं म्हणजे मला नाताळच नको होता. ज्याच्याशी आपण बोलत नाही, त्याच्या वाढदिवसाला कशाला जायचं, असा माझा सरळ हिशेब होता.

अडचण एवढीच होती की आमच्याकडचा नाताळ एकट्या आमचा कधी नव्हताच. गल्लीत ख्रिस्ती घर एकच. पण सणाच्या संध्याकाळी अख्खी गल्ली आमच्या अंगणात यायची. हे खुर्चीत बसून येशूच्या जन्माची गोष्ट सांगायचे आणि मी आत करंज्या तळायची. माणसं इतकी असायची की करंज्या कधी पुरल्या नाहीत आणि गोष्ट मी कधी धड ऐकली नाही. मधूनच बाहेरून हसण्याचा गलका यायचा. मला वाटायचं, पवित्र शास्त्रात हसण्यासारखं हे काय शोधून काढतात? एकदा विचारलं तर म्हणाले, "बाहेर येऊन ऐक की."

"आणि तळायचं कुणी? गब्रीएल देवदूतानं?" मी म्हणाले. त्यावर ते दोन गरम करंज्या उचलून बाहेर गेले.

तर डिसेंबर लागला तशा शेजारच्या मावशी चौकशीला आल्या. या शेतकऱ्याच्या घरच्या, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या, आणि गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते यांना माहीत नाही असं होत नाही. "मास्तरीण, यंदा नाताळाचं काय?" त्यांनी विचारलं.

माझ्याकडं उत्तर तयार होतं. मी म्हणाले, "मावशी, दुखवट्याचं घर आहे. कढई कशी चढवू?"

आमच्या चर्चमध्ये असला काही नियम नाही. उलट आमच्यात अशा वेळी जास्तच गाणी म्हणतात. पण मावशींच्या घरी माणूस गेलं की वर्षभर सण धरत नाहीत, तळण करत नाहीत, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यांचाच रिवाज त्यांच्यापुढं केला म्हणजे त्या पुढं बोलणार नाहीत, असा माझा डाव होता. आणि तो साधला. "बराबर हाय," मावशी म्हणाल्या, "दुखवट्याच्या घरची कढई न्हाई चढत." त्या उठून गेल्या आणि मी सुटकेचा श्वास सोडला.

चोवीस तारखेला सकाळी दारात कढई आली. मागून मावशी. त्यांच्या मागं आमच्याच गल्लीतली मॅडम, हातात मैदा, साखर, खोबरं आणि तेलाचा डबा सांभाळत. ही मॅडम बौद्ध घरातली पोरगी. ह्यांच्या हाताखाली शिकली आणि पुढं त्याच शाळेत शिक्षिका झाली. आम्ही सगळे तिला मॅडमच म्हणतो, तिची आईसुद्धा.

"मावशी, हे काय?"

"तुझी कढई न्हाई चढवायची," मावशी म्हणाल्या. "माझी चढवायला कोणाची बंदी हाय?"

"आमच्यात तर हे काहीच पाळत न्हाईत काकू," मॅडम गॅसजवळ डबे मांडत म्हणाली. "माझ्या आज्ज्यानंच सोडून देल्तं. पण मावशीनं बजावून आणलंय. तुम्ही कशाला हात लावायचा न्हाई."

आडोशाला म्हणून ज्या रिवाजामागं लपले, त्यानंच मला धरून बाहेर काढलं. खरं सांगावं, की बायांनो आमच्यात असं काही नसतं, तर मग इतके दिवस काय सोंग करत होतीस, हा प्रश्न आला असता. मी मुकाट्यानं पाट ओढून दाराशी बसले.

आपल्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांनी करंज्या करायच्या आणि आपण बघत बसायचं, यापरती शिक्षा नाही. मॅडमच्या करंजीची कड नीट दाबलेली नव्हती. सारण दिसत होतं. ती तेलात गेली असती तर सगळं तेल खराब झालं असतं. मी न राहवून हात पुढं केला, तर मावशींनी फटका मारला.

"हात न्हाई लावायचा म्हन्लं ना. बसल्या बसल्या तोंड चालव. गोष्ट सांग."

"कसली गोष्ट?"

"नाताळाची. गोष्टीबिगर नाताळ होतो का? मास्तर न्हाईत, मंग तू सांग."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण जाणार कुठं, घर माझंच. मी सुरुवात केली. लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केली होती, तशीच एका सुरात. कैसर राजानं हुकूम काढला, ज्यानं त्यानं आपापल्या गावी जाऊन नावनिशी करायची, म्हणून योसेफ आणि मरिया निघाले.

"असं न्हाई काकू," मॅडमनं मध्येच अडवलं. "मी पहिलीत असल्यापासून ऐकून राह्यले. सर म्हणायचे, सरकारनं जनगणना काढली आणि ड्युटी लागली मास्तर लोकायला."

"हां," मावशींनी री ओढली, "अन् ती बाई गरवार, दिवस भरलेले. चालून चालून वाटूर फाट्यावर आली, तर लॉज फुल्ल."

"आपल्या वाटूर फाट्यावर?" मी म्हणाले.

"बेथलेहेम आमी कुठं पाह्यलं? मास्तर म्हणायचे, वाटूर धरा."

मला हसू फुटलं. दिवाळीपासूनचं पहिलं हसू. हे शास्त्रात हसण्यासारखं काय शोधायचे, ते मला इतक्या वर्षांनी, असं पाटावर बसून कळलं. मग मी गोष्ट सांगायची सोडून दिली आणि त्या दोघीच सांगायला लागल्या. एकीनं लाटायचं, दुसरीनं तळायचं, आणि गोष्ट दोघींत इकडून तिकडं जायची. मॅडमला मेंढपाळांचा भाग तोंडपाठ होता. डिसेंबरात कापूस निघाला की रानात मेंढ्या बसवतात ना, तसे ते थंडीत उघड्यावर पडलेले. देवदूताला चांगली बातमी सांगायची होती, तर तो पाटलाच्या घरी गेला नाही, साहेबाच्या बंगल्यावर गेला नाही. आधी मेंढपाळांकडं आला. "सर इथं थांबायचे," मॅडम म्हणाली. "आणि म्हणायचे, ज्याला कोणी विचारत न्हाई, त्याचं दार देवाला आधी सापडतं. मला लहानपणी लई भारी वाटायचं हे."

मावशींनी झाऱ्यानं कढईतल्या करंज्या उलटल्या. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "अन् मंग मास्तर तुझं सांगायचे."

"माझं काय?"

"तुमी या गावात आल्ते तवाचं. तुझे बी दिवस भरत आल्ते. खोली कोणी देईना. ख्रिस्ती म्हन्लं की मान्सं म्हणायचे, पाहू, सांगू. मंग मी कडब्याची खोली झाडून देल्ती. मास्तर दर साल ते सगळ्यायसमोर सांगायचे. मला अशी लाज वाटायची! म्हणायचे, प्रभूच्या मायला कोणी दार उघडलं न्हाई, पण माझ्या बायकोला ह्या गल्लीनं उघडलं. म्हणून मी दर साल तुमाला हे सांगून राह्यलो."

ह्यांचं हे सांगणं मला माहीत नव्हतं. खोली आठवत होती. मुलीला दवाखान्यातून त्याच खोलीत आणलं होतं आणि महिनाभर तिच्या दुपट्यांना कडब्याचा वास येत होता. पण हे दर नाताळला अंगणात बसून माझं नाव काढतात आणि मी आत तेलाशी झगडतेय, हे कुणी मला सांगितलं नव्हतं. मला रडू आलं. दफनाच्या दिवशी आलं होतं तसं नव्हे. हे रडू बरं वाटणारं होतं. त्या दोघींनी मला रडू दिलं आणि एक घाणा उतरवून घेतला.

"झाली गोष्ट," शेवटी मॅडम म्हणाली. "आता सर म्हणायचे, डोळे मिटा."

आणि दोघींनी डोळे मिटले. मॅडमचे हात पिठानं भरलेले होते, ते तिनं तसेच जोडले. मावशींनी गॅस बारीक केला, पदर डोक्यावर घेतला आणि झाऱ्यासकट हात जोडले. मी वाट बघत बसले. त्याही वाट बघत होत्या. प्रार्थना कुणी करायची हे ठरलं नव्हतं, पण त्या स्वयंपाकघरात ख्रिस्ती मी एकटीच होते.

काय म्हणायचं ते सुचेना. चर्चमध्ये म्हणतात ती सुंदर वाक्यं मला येत होती, पण इतक्या दिवसांच्या अबोल्यानंतर ती म्हणायची मला लाज वाटली. मी डोळे मिटले.

"प्रभू," मी म्हणाले, "मला तुझा भयंकर राग आलाय. तू ह्यांना न्यायची फार घाई केलीस. पण ते सांगत होते ते मी आज ऐकलं. मला एकटीला बसू दिलं नाहीस. या दोघींचं भलं कर. आज एवढंच. आमेन."

"आमेन," मॅडम म्हणाली. मावशींचा आमेन बाहेर रस्त्यावर ऐकू गेला असेल.

मग त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं. "येवढीच? मास्तरायची लंबी असायची."

"उद्या बोलते की बाकीचं," मी म्हणाले.