डाव्या हाताचं धनुष्य

टण्ण... टण्ण... आमच्या सांगलीच्या गल्लीत पिंजारी कापूस पिंजायला बसला की त्याच्या धनुकलीच्या तातीचा असा आवाज यायचा. पुढे मी गाद्या भरायचं काम धरलं, ते बहुतेक त्या आवाजापायीच. शाळा त्याआधीच सुटली होती. म्हातारपणी मुलाकडे परदेशात, मनुरेवाला आलो. घरात बसवेना, म्हणून मालाखाली ठेवायच्या लाकडी पॅलेटच्या यार्डात हलक्या कामाला लागलो. आणि एका दुपारी यार्डामागून तोच आवाज आला. टण्ण!

यार्डात चहाच्या सुट्टीला स्मोको म्हणतात. स्मोकोत बसलं की किस्से भुशासारखे अंगावर साठत जातात. झाडले तरी थोडे कपड्यांना चिकटून घरी येतातच. त्यातले हे काही.

* * *

तो आवाज करत होता अमोल, नुसतीच धनुष्याची दोरी ओढून सोडत. बार्शीचा पोरगा, शिकायला आला आणि इथलाच झाला. माझ्याशेजारी खिळे ठोकायचा. शिकारीचं वेड त्याला आमच्या फोरमनने लावलं. विरेमू त्याचं नाव. माओरी, दरवाजाएवढा रुंद माणूस. बंदुकीला लायसन्स लागतं, खर्चही फार. म्हणून अमोलने एका सेकंडहँड दुकानातून धनुष्य उचलून आणलं होतं.

"काका, स्वस्तात मिळालं! कुणी घेतच नव्हतं!"

विरेमूने ते हातात घेतलं. बराच वेळ उलटंपालटं करून पाहिलं, मुठीवरच्या चऱ्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "कुणी घेत नव्हतं, कारण हे डावखुऱ्याचं आहे, ब्रो. तू उजवा."

अमोलचा चेहरा उतरला. "दुकानवाले परत नाही घेत."

"मग तू डावखुरा हो!" विरेमू हसला. "कुठल्या गाढवाने विकलं कोण जाणे!"

हसता हसता त्याला खोकला लागला. तो बराच वेळ थांबला नाही.

* * *

डाव्या हातात जोर यावा म्हणून अमोल सगळं डाव्या हाताने करायला लागला. दात घासणं, हातोडी, भात कालवणं. एकदा त्याच्याकडे सत्यनारायण होता. त्याने प्रसादालाही डावाच हात पुढे केला. त्याची बायको पल्लवी सगळ्यांसमोर कडाडली, "धनुष्य हवं त्या हाताने ओढ! प्रसाद तरी उजव्याने घे!"

* * *

नेम धरायला दुकानातलं टार्गेट महाग. मी म्हटलं, भरायचं काम माझं. पॅलेटला गुंडाळलेलं प्लास्टिक रोज कचऱ्यात जायचं. ते मी पोत्यात ठासून भरलं, तोंड दाभणाने शिवलं. गादीसारखं झालं! अमोलने ते परसात कुंपणाला टेकवलं.

पहिलाच बाण कुंपणावरून पलीकडे गेला. जरा वेळाने शेजारची सामोअन बाई आली. हातात बाण, बाणात टॉवेल.

"टॉवेल माझ्याकडे हीप्स आहेत, ढीगभर," ती म्हणाली. "नवरा एकच आहे!"

त्या दिवसापासून सराव यार्डामागच्या भिंतीशी.

* * *

विरेमू मला काका म्हणायचा. त्यांच्या भाषेत काका म्हणजे रानातला एक पोपट. मी दिवसभरात चार शब्द बोलणार, म्हणून सगळे हसायचे.

तो आम्हाला त्याच्या गाडीतून ओळखीच्या शेतकऱ्याच्या डोंगरावर न्यायचा. तिथे रानशेळ्या फार झाल्या होत्या. नवशिक्याने शेळीपासून सुरुवात करावी, हे त्याचं म्हणणं. शेळ्या दिसायच्या, पण वारा फिरला की क्षणात गायब. दर वेळी तेच.

शेवटी विरेमूने अमोलचं जाकीट हुंगलं. मग धनुष्य हुंगलं.

"हे काय आहे?"

अमोल खाली बघत म्हणाला, "दसऱ्याला पूजा केली. उदबत्ती ओवाळली." आणि जाकीट टांगलेलं असायचं गॅरेजमध्ये. घरात वास नको म्हणून पल्लवी फोडण्या तिथेच द्यायची!

विरेमू म्हणाला, "शेळीला मसाल्याचा वास आला, ब्रो. पुढे आपलं काय होणार ते तिला कळलं!"

* * *

त्या हिवाळ्यात अमोलचे वडील गेले. तिकीट मिळून तो बार्शीला पोचला, तोवर सगळं उरकलं होतं. मग परत आला. स्मोकोत डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा.

विरेमू त्याच्याशेजारी बसला. म्हणाला, "पहिली शिकार आपण खायची नसते. घरातल्या मोठ्या माणसाला द्यायची."

"आमच्या घरातलं मोठं माणूस गेलं."

विरेमूने त्याचा डबा पुन्हा उघडून त्याच्यापुढे सरकवला. अमोल म्हणाला, "मग तुला आणून देईन."

"लवकर आण," विरेमू म्हणाला. "माझी फुप्फुसं घाईत आहेत."

* * *

त्यानंतर विरेमूला डोंगर चढवेना. तो खाली गाडीत बसायचा, आम्ही वर जायचो. एकदा शेळी अगदी समोर आली. अमोलने धनुष्य ओढलं होतं, आणि खिशातला फोन थरथरला. वडील गेल्यापासून त्याची आई रोज फोन करायची, आणि तो फोन तो कधी बंद ठेवायचा नाही. त्याने दोरी हळूच सैल सोडली, फोन कानाला लावला.

"हो आई. जेवलो."

शेळी गेली. खाली येऊन घाबरत घाबरत सांगितलं, तर विरेमूने विचारलं, "आई बरी आहे ना? मग स्वीट ॲज, सगळं ठीक. शेळ्या परत येतील."

पुढच्या महिन्यात विरेमूने यार्ड सोडलं.

* * *

शेळ्या परत आल्या, पण त्यात वर्ष गेलं. मी डोंगराखाली शेताच्या कुंपणाशी थांबलो होतो. अमोल खांद्यावर शेळी घेऊन उतरला. आनंदाने ओरडेल असं वाटलं होतं. तो नुसता म्हणाला, "काका, गाडी जरा जोरात घेतो."

विरेमू त्याच्या घरी व्हरांड्यात बसला होता. रुंद माणूस, खुर्चीत अर्धाच उरला होता. नाकाला नळी, शेजारी चाकांवरचं ऑक्सिजनचं नळकांडं. उद्या त्याला उत्तरेला त्याच्या गावी नेणार होते. अमोलने मांसाची पिशवी त्याच्या पायाशी ठेवली.

त्याची बायको अरोहा हळूच म्हणाली, "त्याला आता गिळवत नाही, बाळा."

विरेमूने पिशवीवर हात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला. मग अरोहाला म्हणाला, "शेजाऱ्यांना वाट. सगळ्यांना पुरव."

पिशवी ठेवायला अमोल तिच्यामागून आत गेला, आणि भिंतीपाशी थबकला. मी डोकावलो. भिंतीवर फोटो होता. तरुण विरेमू, पुढ्यात हरीण, आणि हातात आमचं धनुष्य. मुठीवर तोच चरा, तीच डावखुरी ठेवण.

"ते त्याचंच," अरोहा म्हणाली. "श्वास पुरेना, तेव्हा दुकानात देऊन आला. तुम्हाला बोलला नाही?"

अमोल गाडीपर्यंत पळत गेला. धनुष्य आणून त्याने विरेमूच्या मांडीवर ठेवलं. विरेमूने मूठ नाकाशी नेली.

"अजून उदबत्तीचा वास येतो," तो म्हणाला.

त्याने दोरीला बोट लावून जरासं ओढलं आणि सोडलं. टण्ण! मग धनुष्य अमोलच्या हातात परत दिलं, त्याची बोटं त्या मुठीवर एकेक करून मिटवली, नळकांड्याची दांडी धरली, आणि आत निघून गेला.