शेवटी नाव सांगायचं असतं

रेकॉर्डच्या कारखान्यात तिला सगळे कानवाली म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण ते हजेरीच्या वहीत पडून असायचं. हाक मारायला ते कुणाला लागलं नाही.

तिचं काम म्हणजे ऐकायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, काय मजा आहे बाईची! मजा कसली? कारखान्यात लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचा काळा लगदा तापवायचे, साच्यात घालून वरून दाब द्यायचे, पाण्यानं गार करायचे. दाबावर उभे राहणाऱ्या बाप्यांची बोटं भाजून भाजून अशी निबर झाली होती, की उकळता चहाचा पेला ते फूल धरल्यासारखा धरत. नवा साचा बसला की त्यातून निघालेली पहिली तबकडी कानवालीच्या खोलीत यायची. खोली म्हणजे कपाटच. भिंतींना जाड घोंगड्या ठोकलेल्या, खिडकी कायमची बंद, एक स्टूल, एक यंत्र, सुयांचा डबा. तिनं सुई लावायची, कान द्यायचा. खरखर, तडा, हललेला सूर, काहीही खटकलं की तबकडीच्या मधल्या कोऱ्या जागेवर खडूनं फुली मारायची. फुली मारली की ती तबकडी बाद, साचाही बाद. शाळेत ती दोन वर्षं गेली होती, त्यातली एवढी फुलीच काय ती जन्मभर उपयोगाला आली.

आणखी एक काम होतं. त्या काळी गाणारीनं गाणं संपलं रे संपलं की आपलं नाव मोठ्यानं सांगायचं असे. हौस म्हणून नव्हे. मेणाच्या वडीवर गाणं कोरलं जायचं, वडीवरचा नंबर पुसट व्हायचा, आणि लेबल चिकटवणाऱ्यांना गळ्यावरून माणूस ओळखता यायचा नाही. म्हणून कानवालीनं शेवटचं नाव ऐकायचं, लेबलवाल्याला सांगायचं, आणि त्यानं ते चिकटवायचं. इतका सरळ कारभार.

तिची धाकटी बहीण गायची. गायची म्हणजे घरात, भांडी घासताना. दोघी एका खोलीत राहायच्या. आईबाप गेलेले, धाकटीचा नवरा परागंदा. कंपनीच्या गाण्यांना पेटी वाजवणारे मास्तर त्याच जिन्यात वर राहत. जिन्यात थांबून धाकटीचं ऐकून ऐकून त्यांचे गुडघे धरले, असं ते म्हणत.

एक दिवस मास्तर दारात येऊन उभे राहिले. शहरात एक मोठ्या बाई होत्या, त्यांच्या नावावर तबकड्या हातोहात खपायच्या. कंपनीनं त्यांच्याकडून सहा गाण्यांचा करार लिहून घेतला होता, आणि आता बाईंचा गळा बसला होता.

"बसला म्हणजे उठायचा नाही," मास्तर म्हणाले. "तुझ्या बहिणीनं गावं, शेवटी नाव बाईंचं सांगावं. बाई तयार आहेत."

"आणि आमची काय म्हणते?" कानवालीनं विचारलं.

धाकटी हात पुसत बाहेर आली. "ताई, निदान आवाज तरी माझा वाजेल ना?"

तिला खोकला होता. तो हिवाळ्यापासूनच होता, आणि दोघींनी त्याचं नाव घ्यायचं नाही असं न बोलता ठरवलं होतं.

गाणं त्या दिवसांत एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावं लागे, जीव खाऊन. मेण मऊ राहावं म्हणून खोली तापवलेली, दारं बंद. कर्ण्याच्या जवळ-लांब न्यायला एक माणूस गाणारीच्या पाठीला धरून मागे-पुढे ओढायचा. तीन दिवसांत सहा गाणी झाली. शेवटच्या दिवशी मास्तरांनी धाकटीला जवळजवळ उचलूनच जिना चढवला.

"ताई," आठवड्यानं अंथरुणातून ती म्हणाली, "एक घोटाळा झालाय."

"कोणता?"

"पाच गाण्यांना बाईंचं नाव नीट सांगितलं. सहाव्याला माझंच गेलं तोंडून."

कानवाली औषधाची बाटली हलवत होती, ती थांबली. "मास्तर काही बोलले नाहीत?"

"मास्तर पेटीत मान घालून बसले. यंत्रवाल्या साहेबाला आपली भाषा कुठे कळते? तो म्हणाला, छान."

"चुकून गेलं की मुद्दाम?"

धाकटी हसली, मग हसण्याचा खोकला झाला. तो थांबल्यावर म्हणाली, "तुझ्याकडेच येईल ना ती तबकडी? फुली मारशील?"

"मारीन तर. लाज नाही वाटत, आयत्या बिळावरच्या नागोबाला उठवायला निघालीस ती?"

"मारायच्या आधी तेवढा एक सूर ऐक, वरचा. तो मला पुन्हा नाही लागायचा."

पुढच्या पंधरवड्यात ती गेली. कानवालीनं दोन दिवसांची रजा घेतली. तिसरा मिळत नसे.

महिन्यानं तबकड्या आल्या. पाच तिनं ऐकल्या, पाचही पास. सहावी लावायच्या आधी तिनं सुई बदलली, स्टुलावर नीट बसली. सूर लागला, तो वरचा, अगदी अंगावर येणारा. मग शेवट, एक श्वास, आणि धाकटी आपलं नाव सांगून मोकळी झाली. शाळेत हजेरी द्यावी तसं.

कानवालीनं खडू हातात घेतला. फुली मारली तर साचा वितळणार, आणि हे गाणं पुन्हा म्हणायला माणूस उरलेलं नव्हतं. नाही मारली तर आज ना उद्या कळणार. आणि तिला पोसणारं त्या नोकरीवाचून कुणी नव्हतं. तिनं खडू डब्यात ठेवून दिला.

बाहेर लेबलवाल्यानं विचारलं, "कोण?"

धाकटीच्या नावाचं लेबल छापलेलंच नव्हतं. तिनं मोठ्या बाईंचं नाव सांगितलं.

तीनशे तबकड्या दुकानात गेल्या आणि मग दुकानदाराची तक्रार आली, की लेबलावर एकीचं नाव, तोंडी दुसरीचं. फोरमननं तिला बोलावून तिच्यासमोर सुई लावली.

"कान गेले का तुझे?"

"नाही."

"मग काय ऐकलंस हे?"

"गाणं ऐकलं. खरखर नाही, तडा नाही, सूर हललेला नाही. दोष नव्हता, म्हणून फुली नाही."

"आणि नाव?"

"नाव खरंच आहे."

फोरमननं सुई उचलून ठेवली. माणूस वाईट नव्हता, नुसता फोरमन होता. "बहीण ना तुझी?"

"होती."

"वाईट झालं," तो म्हणाला, आणि मग त्यानं कारागिराला बोलावलं. गाणं खपत होतं, साचा टाकवत नव्हता. कारागिरानं साच्यावरची शेवटची चार वेटोळी पोलादी टोकानं खरवडून काढली. तिथून पुढे ते गाणं संपलं की नुसती खर्रर्र व्हायची.

तिला त्यांनी काढलं नाही, फोडाईवर टाकलं. परत आलेल्या तबकड्या हातोडीनं फोडायच्या, लेबलाचा भाग वेगळा काढायचा, बाकीचे तुकडे फिरत्या पिंपात ढकलायचे. त्यांच्या भुकटीच्या पुन्हा नव्या तबकड्या होत. पहिल्याच आठवड्यात त्या तीनशेंपैकी दोनशे एक्याण्णव तिच्यापुढे आल्या. पहिलीला हातोडी हलकी पडली, नुसता तडा गेला. मग तिनं नीट बघून मारली, कारण अर्धवट फुटलेली कडा हात कापते.

एखादी लपवायची होती, असं पुढे लोक तिला सांगत. फाटकावर रोज झडती व्हायची, आणि तबकडी ही काही सुई नव्हे. नऊ मात्र परत आल्याच नाहीत. गिऱ्हाइकांच्या घरी राहिल्या. नऊचा आकडा तिच्या डोक्यात बसला तो बसलाच.

गाणं पुढे वीस वर्षं वाजलं. चहाच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात, शेजारच्या खिडकीत. कुठेही लागलं की ती रस्त्यात उभी राहायची, हातातलं ओझं खाली न ठेवता शेवटापर्यंत थांबायची. खर्रर्र. मग चालू लागायची. मोठ्या बाईंना ते गाणं लोक मागत, आणि बाई म्हणत, आता वय झालं.

पिंपाच्या धडधडाटानं हळूहळू कानवालीचे कान गेले. नाव तेच राहिलं, पण आता लोक ते ओरडून म्हणत. ऐकून शोधायचं संपलं, तेव्हा तिनं त्या नऊंतली एखादी बोटानं शोधायला सुरुवात केली. खरवडलेल्या साच्यातून निघालेल्या तबकडीला लेबलाजवळ खरखरीत कडं लागायचं. न खरवडलेलीला गुळगुळीत. सुट्टीच्या दिवशी ती जुन्या बाजारात जाऊन ढिगारे उपसायची, त्या गाण्याचं लेबल दिसलं की बोट फिरवायची. भंगारवाले तिला ओळखायचे. ती काही घेत नाही हेही त्यांना माहीत होतं.

म्हातारपणी एका दुपारी तिचं बोट घसरलं. तिनं पुन्हा फिरवलं. गुळगुळीत होतं. तबकडीला काठापासून आत बोटभर चीर होती.

"लावा," ती भंगारवाल्याला म्हणाली.

"आजी, तुम्हाला कुठे ऐकू येतंय?"

त्याचे ओठ बघून तिला कळलं. "तुम्हाला येतंय ना? लावा."

त्यानं यंत्राला चावी दिली. ती सुईकडे बघत राहिली. चिरेवर सुई दर फेऱ्याला उडी मारत होती. मग चीर संपली, सुई शांत आत आत सरकत गेली आणि लेबलाशी पोचली. भंगारवाल्यानं मान वर केली.

"काय म्हणाली?" तिनं विचारलं.

त्यानं नाव सांगितलं. ओठांवरून तिला नीट लागलं नाही, म्हणून तिनं त्याला ते तीनदा म्हणायला लावलं.

"कोण ही? लेबलावर तर मोठ्या बाई आहेत."

"ते चुकलंय," ती म्हणाली. जुन्या सामानावर किंमत लिहायचा त्याचा खडू यंत्राशेजारी पडला होता. तो तिनं उचलला आणि लेबलावर, मोठ्या बाईंच्या नावावर, काठापासून काठापर्यंत फुली मारली.

भंगारवाला वैतागला. "आता ही कोण घेणार, आजी?"

तिला ते ऐकू आलं नाही. तिनं तबकडी छातीशी उभी धरली होती, चीर वाढू नये म्हणून.