कॉलरवरचा लाल ठिपका
त्या दिवशी सकाळी मामी गोळी घेऊन मशीनपाशी आली, तर मामा म्हणाले, "ठेव तिथं. एवढी कॉलर बसू दे."

"कॉलर काय पळून चाललीय? आधी गोळी."

"मशीन मधेच थांबवली की रुसते गं. तुझ्यासारखीच."

मामी हसली आणि दूध उतू जाईल म्हणून आत पळाली. चार वर्षांपूर्वी मामांच्या हृदयातली झडप बदलली, तेव्हापासूनची ही गोळी. डॉक्टरांनी बजावलंच होतं, झडप धातूची आहे, तिच्यावर रक्त गोठायला बघतं, ही रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर, एक दिवस चुकवायची नाही.

पण मामांच्या हिरड्या सुजलेल्या, जरा दोरा लागला की रक्त यायचं. गळ्यात कात्री लटकत असली तरी दोरा तोडायचा तो दातानंच. महिन्यामागं एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कॉलरवर लाल ठिपका पडला. तो चारचौघांत म्हणाला, "मास्तर, शर्ट शिवला का कोंबडी कापली?" सगळे हसले, मामाही हसले. पण ते त्यांच्या जिव्हारी लागलं. मामी म्हणाली, दातांच्या डॉक्टरकडे जाऊ, गोळीचं आधीच सांगू.

"नको. माझं हत्यारच उपटून ठेवतील."

पुढं रक्त कमी झालं. मामी खूश. म्हणायची, बघा, मिठाच्या गुळण्यांनी गुण आला.

तर त्या दिवशी अकराला मशीनचा आवाज थांबला. मामी बाहेर आली तो मामा खुर्चीत कलंडलेले, तोंड वाकडं, उजवा हात लुळा, पाय अजून पायडलवर. बोलायला बघत होते, शब्द फुटत नव्हता. हॉस्पिटलात विचारलं, गोळी चुकली होती का? मामी म्हणाली, एकही नाही, मी माझ्या हातानं देते. संध्याकाळी मामा गेले. झडपेवरची गुठळी सुटून मेंदूत अडकली, डॉक्टर म्हणाले.

पंधरा दिवसांनी तेच गिऱ्हाईक आलं. त्याच्या दुसऱ्या शर्टाचं एक बटण राहिलं होतं.

"राहू दे वहिनी, तसाच नेतो."

"बसा. अर्धं काम ते कुणाला द्यायचे नाहीत."

मामीनं बटणांचा डबा उपडा केला. बटणांखालून गोळ्या निघाल्या. मूठभर. रोजची एक. गोळी बंद तर रक्त बंद, कापड डागणार नाही, एवढंच धरलं होतं त्यांनी.

तिनं बटण लावलं. दोरा तोडायला शर्ट तोंडाशी नेला, थांबली, कात्री घेतली. मग शर्ट त्याच्या हातात देत म्हणाली, "कॉलर बघून घ्या. डाग नाही."