पुढच्या सीटचं कार्ड

मोटारीच्या कार्डाची गोष्ट आमच्या घरात निघाली तेव्हा मी आत शेंगदाणे भाजत होते. बाहेर दुकानात कंपनीचा माणूस ह्यांना सांगत होता, की आता वहिनींना गर्दीत उभं राहायचं कारण नाही. एक परका माणूस माझ्याविषयी बोलतो आहे, एवढ्यानेच माझे हात थांबले. शेंगदाणे करपले आणि सासूबाईंनी नाकाला पदर लावून माझ्याकडे पाहिलं.

आमचं अमरावतीत बांगड्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. काचेच्या आणि लाखेच्या, दोन्ही बांगड्या आम्ही ठेवत होतो. माल अकोल्याच्या ठोक व्यापाऱ्याकडून यायचा आणि तो दरवेळी हेच जाऊन निवडून आणायचे. बांगडी पाहून, हातात घेऊन, दुसरीवर हलकेच वाजवून घ्यावी लागते. पार्सलाने मागवली तर मापं चुकतात आणि निम्मा माल नुसता तुकड्यांचा निघतो.

मग ह्यांना दमा जडला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की रस्त्याची धूळ टाळा, नाहीतर एक दिवस श्वास परत यायचा नाही. त्या काळी रस्ता सगळाच काही डांबरी नव्हता. पुढच्या गाडीने उडवलेली धूळ मागच्या गाडीत भरायची आणि उतरणाऱ्या माणसाच्या भुवया पांढऱ्या दिसायच्या. आम्हाला मूलबाळ नव्हतं, दीर नव्हता. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं, मला मापं कळत होती आणि हिशेब येत होता. म्हणून मी जायचं ठरलं.

मी तोपर्यंत दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा मागच्या बाकावर, बायांच्या घोळक्यात, पदर कपाळापर्यंत ओढून. व्यापाऱ्याकडे मी बोटाने दाखवायची आणि तो द्यायचा. जाऊन येईस्तोवर मी चार शब्द बोलले असेन तर खूप. दुसऱ्या खेपेला मात्र गर्दीत माझी एक चप्पल गेली आणि मी एका अनवाणी पायाने घरी आले. ह्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि तेव्हापासून ते मनाला लावून घेऊन बसले. म्हणाले, अशी लोटालोटीत बाई पाठवायची नाही. नीट सोय झाली तर ती जाईल, नाहीतर मी जाईन.

मला त्या दिवसापासून ‘नाहीतर मी जाईन’ ह्याचीच भीती होती. बाकीच्या भीती तिच्यानंतरच्या.

तेव्हा सगळ्या रस्त्यांवर एसटी आलेली नव्हती. एका मोटार कंपनीने व्यापाऱ्यांसाठी हे खास कार्ड काढलं होतं. वर्षाची फी आधी भरायची. मग ड्रायव्हरच्या शेजारची सीट गाडी सुटायची घंटी होईपर्यंत राखून ठेवणार. टपावर मणभर माल फुकट. अकोल्याच्या स्टँडवर कार्डवाल्यांची वेगळी खोली, तिथे पंखा, खुर्च्या, चहा. आणि तिकिटाचे पैसे रोज काढायचे नाहीत, महिनाअखेरीला एकदम द्यायचे. कंपनीचा माणूस हे सांगताना एकेक बोट दुमडायचा आणि ह्यांचा चेहरा खुलत जायचा. दुकानात रोकड कमी असायची, त्यामुळे महिनाअखेरीची सवलत त्यांना फार आवडली. आणि खरं म्हणजे दमा झाल्यापासून त्यांच्याशी इतक्या अदबीने कोणी बोललं नव्हतं.

मी दाराआडून ऐकत होते. माझ्या डोक्यात हिशेब वेगळाच चालू झाला. आमची जा-ये लग्नसराईत, संक्रांतीला, नागपंचमीच्या आधी आणि दिवाळीला. बाकीचे महिने दुकानात माशा बसायच्या. मग वर्षभराची फी कशाला? मी सासूबाईंच्या कानात सांगितलं आणि त्यांनी बसल्या जागेवरून मोठ्याने विचारलं, की ज्या महिन्यात जाणंच झालं नाही त्याचे पैसे परत भेटतील का. तो माणूस हसून म्हणाला, “आजी, कार्ड म्हणजे इज्जत आहे. इज्जतीचे पैसे परत मागतात का?”

सासूबाई म्हणाल्या, “आमची इज्जत घरची हाय बाबा. तिले फी नाई.”

पण ह्यांनी विषय सोडला नाही. कार्ड ह्यांच्या नावावर करून मी प्रवास करीन, असं ते म्हणाले. तेव्हा कळलं की तसं चालत नाही. जो बसेल त्याचंच नाव कार्डावर लागतं, कारण गाडी सुटायच्या आधी मुकादम स्टँडवर उभा राहून कार्डवाल्यांची नावं पुकारतो आणि मग त्यांना चढवतो.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून दिलेलं माझं नाव. ते ह्यांनीसुद्धा कधी मोठ्याने घेतलं नव्हतं. हे ‘अवं’ म्हणायचे, सासूबाई ‘सूनबाई’ म्हणायच्या, आणि गिऱ्हाईक बायका मला ‘बांगडीवाली काकू’ म्हणायच्या. ते नाव भर स्टँडवर, विडी ओढणाऱ्या माणसांत, कोणीतरी ओरडून घेणार आणि सगळ्यांच्या माना वळणार.

शेवटी तो माणूस म्हणाला की वहिनींच्या नावाच्या कच्च्या कार्डावर एक खेप करून पाहा, पटलं तर सही करा. ह्यांनी माझ्याकडे न पाहताच होकार दिला. लग्नाची एक मोठी ऑर्डर डोक्यावर होती. एका मारवाडी घरच्या नवरीचा लाखेचा चुडा आणायचा होता, आणि हळद तीन दिवसांवर आली होती.

चैत्र होता. सकाळी मी स्टँडवर गेले. मुकादमाने नाव पुकारलं. मी हलले नाही. त्याने परत पुकारलं, ह्या वेळी आडनावासकट. कोणीतरी मागून म्हणालं, “अरे कोन हाय हे शेठानीबाई?” आणि हशा झाला. मी खाली बघत चढले आणि ड्रायव्हरशेजारी बसले. समोर मोठी काच. मागे सगळी गाडी, आणि सगळ्या गाडीचे डोळे माझ्या पाठीवर. मला वाटलं मी दुकानातल्या काचेच्या कपाटात बसले आहे.

अकोल्यात मी त्या पंख्याच्या खोलीत गेलेच नाही. दारातून डोकावले, तर आत पाय पसरून बसलेले पुरुष होते, म्हणून बाहेर लिंबाखाली उभी राहिले. तहान लागली होती, पण पाणी आतल्या माठात होतं.

चुडा मिळाला. खड्यांचा, फार सुरेख. लाखेला ऊन लागू द्यायचं नाही, हे आमच्या धंद्यात पोरालाही माहीत असतं. म्हणून मी टोपलीभोवती ओलं पोतं गुंडाळलं. परतीच्या गाडीवर हमालाने टोपली टपावर टाकण्यासाठी हात पुढे केला. मणभर माल फुकट होता तो टपावरच, उन्हात. मी टोपली छातीशी धरली आणि मान हलवली. तो वैतागून गेला.

पुढच्या सीटवर माझ्या बाजूने ऊन येत होतं. टोपली मांडीवर ठेवली तर ऊन तिच्यावर. मी तिला उन्हातून सरकवत सरकवत दुसऱ्या बाजूला नेलं, ड्रायव्हरच्या आणि माझ्या मधल्या लोखंडी झाकणाला टेकवून ठेवलं, तिथे छान सावली होती. ते झाकण इंजिनाचं आहे, हे मला माहीत नव्हतं. हे नेहमी मागे बसायचे, त्यांनी मला ऊन सांगितलं, काच सांगितली, इंजिन कधी सांगितलं नाही.

मूर्तिजापूर मागे पडल्यावर मला वास आला. लाख वितळते तेव्हा एक गोडसर, राळेसारखा वास येतो. आधी मला वाटलं गाडीचाच काही वास असेल. मग पोत्यावर हात ठेवला. ते वाळून कडक झालं होतं आणि चांगलंच गरम होतं. मी टोपली उचलून मांडीवर घेतली. आत हात घालून पाहायचं धाडस झालं नाही. ड्रायव्हरने बाजूला बघून विचारलं, “काय हाय माय त्याच्यात?” सांगितलं असतं तर त्याने गाडी थांबवली असती, पाणी दिलं असतं, पण तोंडातून आवाजच निघाला नाही. मी अमरावती येईपर्यंत तशीच बसून राहिले, मांडी भाजत होती तरी.

घरी टोपली उघडली. चुडा एकमेकांत चिकटून वाकडा झाला होता आणि खडे आत रुतले होते. ह्यांनी एक बांगडी सोडवायचा प्रयत्न केला, ती वाकून हातात आली. मग त्यांनी खुंटीवरची टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. नवरीच्या हातात चुडा घातल्याशिवाय तिला हळद लागणार नव्हती आणि शब्द आमचा होता. मी पाया पडले, म्हटलं मी जाते परत. ते म्हणाले, “तू काल गेली होती ना कार्डावर?” त्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. कार्ड माझ्या नावाचं, म्हणून ते मागे बसून गेले, खिडकीला फळकूट नसलेल्या बाकावर.

तो दिवस मी दुकानात काढला. गिऱ्हाईक येत होतं आणि मी बांगड्या भरत होते. एका मुलीचा हात दाबताना मला दिसेनासं झालं, ती ओरडली तेव्हा भानावर आले. दर मोटारीच्या भोंग्याला मी दाराकडे बघायची. सासूबाई जपाची माळ घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या आणि माळ ओढत नव्हत्या.

उन्हं कलली तेव्हा ते आले, टांग्यातून. टांगेवाल्याने त्यांना धरून उतरवलं. चुडा त्यांच्या कुशीत होता, अख्खा. त्यांच्या भुवया, मिशा, कान, सगळं मातकट पांढरं. ओठ निळसर. छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि तरी हवा आत जात नव्हती. डॉक्टर आले, सुई टोचली, आणि जाताना मला म्हणाले की पुन्हा असं झालं तर मला बोलावू नका, उपयोग व्हायचा नाही.

चार दिवसांनी कंपनीचा माणूस सहीसाठी आला. हे आत उशीला टेकून बसले होते. तिथूनच म्हणाले, “करून दे सही. टोपली मांडीवर ठेवत जा म्हंजे झालं.” त्यांना अजूनही वाटत होतं की कार्डाशिवाय मला पाठवणं म्हणजे मला रस्त्यावर टाकणं. आणि मला कळत होतं की मी नाही म्हटलं तर ते पुन्हा टोपी काढतील.

मी बाहेर आले. पदर धरला होता, पण उभी राहिले. कागद फळीवर होता, शाईची दौत उघडी होती. मी त्या माणसाला म्हटलं, “आमाले नको. टप आमच्या कामाचं नाई, ते सीट आमच्या कामाची नाई, अन् त्या खोलीत मी बसत नाई. मंग फी कशाची?”

तो म्हणाला, “वहिनी, महिनाअखेरीची सवलत तरी बघा.”

“महिनाअखेरीलेबी आमीच देऊ ना, का तुमी देसान?”

आतून सासूबाईंचं हसणं ऐकू आलं. तो दौतीला बूच लावून गेला.

मग मी ह्यांच्याकडे गेले. हीच खरी अवघड जागा होती. ते भिंतीकडे तोंड करून होते. मी म्हटलं, मी मागेच बसून जाईन, बायांच्यात. तिथे टोपली मांडीवर मावते, एकीच्या नाही तर दुसरीच्या. पण तुम्ही आता जायचं नाही.

ते बराच वेळ श्वास गोळा करत होते. मग म्हणाले, “तठी गर्दीत जागा मागा लागते. तू तं बोलत नाई.”

“मागीन.”

“अन् कोनी लोटलं तं?”

लोटलं तर पडेन, पडले तर उठेन, एवढंच माझ्याजवळ होतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. त्यांची टोपी मात्र खुंटीवरून काढून मी माझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली ठेवून दिली.

पुढच्या खेपेला अकोल्याच्या स्टँडवर मी टोपली घेऊन दारातल्या गर्दीत शिरले. एका बाईला म्हटलं, “सरका ना माय जरासं.” आवाज इतका बारीक निघाला की तिला ऐकूच गेलं नाही. पुन्हा म्हटलं. ती सरकली, आणि टोपलीची एक बाजू आपल्या मांडीवर घेऊन विचारायला लागली, की हिरव्या आहेत का लाल.

पुढे बरीच वर्षं मी अशी जात राहिले. लोकांना वाटायचं हिची भीड चेपली. भीड थोडी चेपली असेल, भीती नाही. परतताना गल्लीच्या तोंडाशी आले की माझे पाय आपोआप हळू व्हायचे. तिथून दुकान दिसायचं. दाराला लावायच्या फळ्या काढलेल्या असल्या म्हणजे ते उठून दुकानात बसलेले आहेत. दरवेळी तिथे उभी राहून मी आधी फळ्या बघायची आणि मग पाऊल टाकायची.