सहाव्या मजल्यावरची हवा

थंडीची चाहूल लागली की चीनच्या ईशान्य टोकाला, जियामुसीतल्या जुन्या सूतगिरणी कामगारांच्या इमारतीत जिन्याजिन्यावर कोबीचे गड्डे वाळत पडतात आणि लोकांचे कान सहाव्या मजल्याकडे लागतात. तिथे लुआन शूछिन राहते. सत्तरी ओलांडलेली, गिरणीतून कधीच निवृत्त झालेली. कुणी तिचं कौतुक केलं तर लाजून चूर होईल, आणि नाही केलं तर फुगून बसेल.

तिचा मान पाण्यामुळे. घरं तापवायला शहराच्या बॉयलरचं पाणी वर्षातून एकदा, बॉयलर पेटण्याआधी, इमारतीच्या उभ्या नळात सोडतात. ते तळापासून चढत येतं आणि नळातली सगळी हवा पुढे ढकलत नेऊन शूछिनच्या खिडकीखालच्या रेडिएटरमध्ये कोंडतं. ती हवा काढली नाही, तर खालची पाचही घरं हिवाळाभर गार. म्हणून त्या दिवशी शूछिन परात घेऊन रेडिएटरपाशी बसायची आणि छोटी तोटी हळूच पिळायची. पाणी चढताना ऐकू यायचं. खाली कुठेतरी गुडगुडायचं, मधल्या मजल्यांवर गप्प व्हायचं, पाचव्यावर थंग मास्तरांकडे जरा रेंगाळायचं आणि मग सुस्कारा टाकत तिच्याकडे यायचं. डोळे मिटले की तिला वाटायचं, ही इमारतच झोपलीय आणि आपल्या हातून श्वास सोडतेय. परातीत पाणी ठिबकलं तरी ती बराच वेळ तशीच बसून राहायची.

यंदा तिची मुलगी मियाओ बाळंत व्हायची होती. पण ती राहते पार दक्षिणेत, छांगशाला.

"आई, तिकीट काढू ना?" मियाओनं फोनवर विचारलं.

"पाणी सुटू दे गं. मग बघू."

"दरवर्षी तुझं पाणीच सुटतं. माझ्या लग्नाला आलीस, तीसुद्धा घोड्यावर बसून."

हे शूछिनला लागलं, कारण खरं होतं. लग्न छांगशाला, नेमकं पाणी सुटायच्या दिवसांत होतं. तोटी जराशी किलकिली ठेवून जाऊ, हवा आपली आपण निघून जाईल आणि लग्नही पदरात पडेल, असा हिशेब तिनं केला. हवा गेली, पण तिच्या मागोमाग पाणीही आलं. पाचव्या-चौथ्या मजल्यांची छतं भिजली. पंगतीत मासा वाढत असताना फोन आला आणि शूछिन तशीच उठली. घरी पोहोचली तेव्हा थंग मास्तर जिन्यात ओल्या रजया वाळत घालत होते. "ताई, जेवलात का?" एवढंच त्यांनी विचारलं. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. तेव्हापासून पाणी सुटायच्या सुमाराला तिनं शहर सोडलं नाही, आणि पुढे सगळ्या हिवाळ्यातच ते सोडवेना. कारण विचारलं की ती त्या छतांकडे बोट दाखवायची.

अशात बियान मिस्त्री आला. सगळ्या नळावरचे व्हॉल्व्ह बदलायचे होते.

"काकू, तुमच्या तोटीला आता पेन्शन द्यायची."

"तिला काय धाड भरलीय?"

"आटे गेलेत. हात लावला की गळेल. ही नवी बघा. हवा आली की आपोआप सोडते, पाणी आलं की आपोआप मिटते."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही चहा प्यायचा."

तो प्रेमानंच म्हणाला, पण शूछिनला ते इतकं झोंबलं की तिनं त्यालाही चहा विचारला नाही. "जुनीच आवळून बघ ना," ती म्हणाली.

"तुमच्या हट्टापायी परत छतं भिजवू का?"

मग ती बाजूला सरकली. गळू नये म्हणून मिस्त्रीनं सुतळीला सफेदा लावला, ती आट्यांवर गुंडाळली आणि पान्यानं नवी तोटी आवळली. जुनी तोटी खिशात घालून तो गेलासुद्धा.

पाणी सुटलं त्या दुपारी शूछिन तरीही परात घेऊन बसली. खिडकीतून पिवळट ऊन आत आलं होतं. पाणी गुडगुडलं, गप्प झालं, मास्तरांकडे रेंगाळलं. नवी तोटी बारीक आवाजात फुसफुसू लागली. शूछिनला डुलकी लागली की काय कोण जाणे, पण डोळे उघडले तेव्हा सगळं शांत होतं आणि परात कोरडी होती. तिला इतकं एकटं यापूर्वी कधीच वाटलं नव्हतं.

दारावर थाप पडली. थंग मास्तर होते. "ताई, खळखळ थांबली. तुमच्या हाताला यश आहे."

"माझे हात मांडीवर होते, मास्तर. त्या यंत्रानं केलं."

मास्तरांनी रेडिएटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग आता जा की लेकीकडे. आम्ही केव्हाचं म्हणणार होतो, पण तुम्ही रागवाल म्हणून गप्प राहिलो. छत तर कधीच रंगवून झालं."

ते गेल्यावर तिनं फोन लावला. "मियाओ, तिकीट काढ."

"पाणी सुटलं?"

"सुटलं. माझ्यावाचून सुटलं." आणि शूछिनचा बांध फुटला. "छताचं निमित्त होतं गं. मला भीती वाटते. तिथे तुझी सासू आहे, बाळंतिणीचं करायला बाई ठेवलीय. मी येऊन काय करू? इथे निदान हवा सोडायला तरी मी लागत होते."



"काही करू नकोस," मियाओ म्हणाली. "नुसती जवळ बस. सासूबाईंसमोर मला रडता येत नाही."

बॉयलर पेटला त्या दिवशी शूछिन दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत, खिडकीच्या काचेला डोकं टेकून गाढ झोपली होती.